सालीवरच्या खुणा

फार पूर्वी, नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडावर पाखरांचं गाव नांदत होतं. दर विणीच्या हंगामात परतणाऱ्या पाखरांना त्यांची ढोली दाखवायचं काम सुतारपक्ष्याचं. कोणाची कुठली, याच्या खुणा कुठे कोराव्यात, एवढंच ठरायचं होतं.

“आतल्या लाकडात कोर,” पिंगळाआजी म्हणाली.

“चोच झिजेल, आजी! शिवाय उद्या बदल करायचा तर? साल मऊ आहे, तीच बरी.”

उन्हाळ्यात एका सकाळी पोपट-साळुंक्यांचे थवे उतरले आणि सुतारपक्ष्याची चोच उघडीच राहिली. बुंधा गुळगुळीत, पांढराफटक! सगळ्या खुणा सालीसकट खाली पाचोळ्यात. वर एकेका ढोलीसाठी मारामारी जुंपलेली.

“आजी, हे झाड साल टाकतं, हे आधी नाही का सांगायचं?” तो किंचाळला.

आजी त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे, तुझा जन्मच या झाडावरचा ना?”