लाखेच्या गाड्या

माहिष्मती नगरीत धनंजय राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जन्मला आणि पुढे तिथल्या तांड्यांचा प्रमुख झाला. त्याचा एक नियम होता. नव्या व्यापाराचा आराखडा ताडपत्रावर लिहून भागीदारांसमोर वाचल्याशिवाय तो कोणाला गाड्या देत नसे. माल कोणता, घेणार कोण, वाट कशी, आणि वाटेत माल बिघडला तर काय करणार, एवढे त्यात असावे लागे.

सुयाम आणि उपक हे भाऊ लाखेचा व्यापार करायला निघाले. थोरला सुयाम गुरुगृही वाढलेला. तो लिहायला बसला. धाकट्या उपकाला दम निघेना. लग्नसराईआधी वाळवंटापलीकडच्या कासारांकडे बांगड्यांसाठी लाख पोचवायची होती.

"दादा, तुझं लिहून होईपर्यंत नवऱ्या म्हाताऱ्या होतील."

सुयाम हसला आणि शेवटचा प्रश्न कोरा ठेवून उठला. अर्धा नफा देऊ केला तरी बोधिसत्त्वाने गाड्या दिल्या नाहीत. उपकाने त्या दुसरीकडून आणल्या.

वाळवंटात उन्हाने लाख मऊ पडली. गोण्या एकमेकींना चिकटल्या, खालच्या गोण्या फळ्यांना. चाके रेतीत रुतली. ओझे उतरवावे तर एक गोणी सुटेना. बैल खाली बसले. उपकाला सावलीत बसवून सुयाम पाणी शोधायला गेला. दुसऱ्या दिवशी उपकाला तो सापडला, रिकामे मडके पोटाशी धरून पडलेला.

उपक एकटाच परतला आणि तडक बोधिसत्त्वाच्या दारात उभा राहिला.

"तुम्हाला कळत होतं, तर आम्हाला अडवलं का नाही? गाड्या राखल्यात आणि माझा भाऊ जाऊ दिलात."

"मला कळत नव्हतं, उपका," बोधिसत्त्व म्हणाला. "मी कापडवाला. लाखेचं उन्हात काय होतं, मला काय ठाऊक? म्हणून तर लिहायला सांगतो. लिहिताना माणूस जाणत्याला विचारतो."

उपकाची मान खाली गेली. त्याला ठाऊक होते. आई उन्हाळ्यात लाख पानांत गुंडाळून रांजणाआड ठेवी, आणि ती पाने तोच तोडून आणी.

भिक्षूंना ही मागच्या जन्मीची कथा सांगून झाल्यावर शास्ते, त्यांचे गुरू, म्हणाले, "तो उपक म्हणजे भावाच्या मरणाने जगावर चिडलेला हा भिक्षू सुदर्श. सुयाम म्हणजे याही जन्मी त्याच्याआधी गेलेला त्याचा भाऊ. तांड्यांचा प्रमुख मी होतो."

सुदर्श वंदन न करताच उठून गेला. शास्त्यांनी त्याला थांबवले नाही. पाऊल उचलण्याआधी थांबून विचारणे, या गुणाला त्यांनी प्रज्ञा म्हटले.