पाच पायांचं मेंढरू

"मग, बाई... किल्ली कधी देताय?"

सुवार्तानं हे तिसऱ्यांदा विचारलं. एस्तेरबाईंनी समोरची टोपली जवळ ओढली.

मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या कपाटाची ती किल्ली. बेचाळीस उन्हाळे बाईंच्या कमरेला होती. आता बाईंना अंधुक दिसायचं, म्हणून सोमवारपासून शाळा दुसऱ्या कुणीतरी चालवायची होती. सुवार्ता नुकतीच डी.एड. होऊन आली होती आणि तिला ती शाळा मनापासून हवी होती. पण किल्ली हातात पडेपर्यंत काही खरं नव्हतं.

तयारीत तिनं कसूर ठेवली नव्हती. चर्चच्या भिंतीवर दहा दिवसांचा तक्ता, त्यात पाव-पाव तासाचे रकाने, आणि खाली ठळक नियम: पसारा करायचा नाही. पहिल्या दिवशी हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत, नव्याण्णव मागं सोडून त्या एकाला शोधत जाणाऱ्या मेंढपाळाचा, आणि त्यासाठी पुठ्ठ्याची चाळीस मेंढरं. कापून, कापूस लावून, अगदी डोळेसुद्धा काढून तयार.

बाईंनी टोपलीतल्या एकेका मेंढरावरून बोटं फिरवली.

"किती सुबक गं!"

सुवार्ता फुलली. "एकातही सुताचा फरक नाही, बाई."

"आणि मुलांनी काय करायचं?"

"शेपटी चिकटवायची. खुणेवर." ती ठासून म्हणाली. "कात्री हातात दिली की नुसता पसारा करतात."

"बरं... डोळे मीट."

सुवार्तानं मिटले. उघडले तेव्हा बाईंचे हात पदराखाली होते.

"मोज."

तिनं दोनदा मोजली. "एकोणचाळीस."

"कोणतं हरवलं?"

सुवार्तानं टोपलीतली मेंढरं वरखाली करून पाहिली...

"कोणतंही असेल, बाई. सगळी सारखीच तर आहेत. राहू द्या ना, दुसरं कापते. दोन मिनिटांचं काम."

बोलून झालं आणि तिचे कान तापले.

बाई रागावल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "शीबा! इकडं ये गं!"

अंगणातल्या चिंचेला लोंबकळणारी सात वर्षांची शीबा धावत आली. बाईंनी तिला पुठ्ठा दिला, कापूस दिला, आणि आपल्या शिवणाच्या पिशवीतली कात्री दिली.

"एक मेंढरू कर बघू."

अर्ध्या तासात जमीनभर कापूस झाला आणि मेंढरू अवतरलं. एक कान तोंडापेक्षा मोठा. पाय पाच.

"पाच कशाला गं?" सुवार्तानं विचारलं.

"एक दमला की वापरायला," शीबा म्हणाली. "हिचं नाव ढब्बी."

डिंकाचे हात धुवायला ती नळावर गेली. परत आली तर ढब्बी गायब!

"माझी ढब्बी कुठंय?"

तिला कुणी मोजायला सांगितलं नाही. ती बाकांखाली शिरली, पेटीमागं डोकावली, पाळकसाहेबांच्या झग्याची घडीसुद्धा उलगडून आली. "ढब्बे! ए ढब्बे!" आणि सुवार्ता? तीही गुडघ्यांवर बसून बाकांखाली हात घालत होती. केव्हा बसली, तिचं तिलाच कळलं नाही. नवी साडी पार धुळीनं माखली.

शेवटी शीबानं बाईंचा पदर ओढला.

"सापडली!"

ढब्बीला डोक्यावर धरून ती चर्चभर नाचली, आणि केसांत कापूस अडकलेली सुवार्ता तिच्यामागं. इतकी मोकळी ती कित्येक दिवसांत हसली नव्हती. तक्त्यातला पसारा न करण्याचा नियम तिथंच भिंतीवर होता, पण तिकडं बघायला कुणाला सवड होती?

धापा टाकत ती बाईंपाशी येऊन बसली. टोपलीकडं पाहिलं...

"बाई, मग या सगळ्या मेंढरांचं काय करू?"

बाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"कात्र्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर आहेत."