टोपलीखालचा उजेड

भांडी अजून बोलत होती त्या काळी एका अंगणवाडीत एक माठ होता. सेविका सरूबाई चौपदरी फडक्यातून गाळून तो रोज भरायची. पाणी काचेसारखं दिसायचं आणि माठाला त्याचा भारी तोरा होता.

एका सकाळी आरोग्यताईने त्यातलं पाणी छोट्या बाटलीत घेतलं, वर एक थेंब सोडला आणि बाटली टोपलीखाली झाकली. "तपासणी होईतोवर पाणी पिऊ नका रे," ती मुलांना म्हणाली.

त्या थेंबात प्रयोगशाळेत घडवलेला एक विषाणू होता. माठ फणकारला, "तुझ्या घराण्याचं नाव काढलं तरी लोक तोंडाला रुमाल बांधतात. आणि तू माझं पाणी तपासणार?"

"खरं आहे, आजोबा. पण मी माणसाच्या वाटेला जात नाही. जुलाबाचा जंतू भेटला, तरच त्याच्या पोटात शिरतो. मग तो उजळतो."

"आणि तू?"

"मी काही परत येत नाही."

बऱ्याच वेळाने ताईने टोपलीखाली डोकावलं. बाटलीत काजव्यासारखा हिरवा उजेड होता.

सरूबाईने गाळायचं फडकं हातात घेऊन पाहिलं. फडक्यात गाळ अडतो, जंतू अडत नाही. मग तिने माठ पालथा केला, घासला, उन्हात वाळवला आणि उकळून गार केलेल्या पाण्याने भरला. ताईने त्या पाण्याची नवी बाटली थेंब सोडून टोपलीखाली झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक चिमुरडी पेला घेऊन धावत आली.

"थांब गं बाळ," माठ म्हणाला. "आधी टोपलीखाली अंधार आहे का, ते बघ."