मुदपाकखान्याचे एकोणीस गुण

"एकशे चार! फक्त एकशे चार!" उदाजीराव महाराजांनी पागोटं काढून आसनावर आपटलं. "आपल्या आंबेखोऱ्यात मी दोनशे गुणांच्या खाली कधी उतरलो नाही, आणि शेलवडीत जाऊन एकशे चार? बोलवा त्या भिवरेला!"

भिवरा तेलीण पदराला हात पुसत धावत आली.

महाराजांनी विलायतेहून एक खेळ आणला होता. लांबलचक सागवानी पाट, पलीकडच्या टोकाला दहा खुंट्या. जड शिसवी गोळा घरंगळत सोडायचा आणि खुंट्या पाडायच्या. पाटाच्या दोन्ही कडांना पन्हळी. गोळा त्यात पडला की शून्य! लाकूड झिजू नये म्हणून पाटाला रोज तेल लावायचं, ते काम भिवराचं. राजवाड्यात साखळी सामने चालत. दरबाराचा संघ, पागेचा संघ, मुदपाकखान्याचा संघ. मुदपाकखान्याला चौथा गडी मिळेना म्हणून भिवरालाच उभं केलं होतं. तिचा गोळा नेमाने पन्हळीत जाई. "तेलही मीच लावते अन् घसरतेही मीच," असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

"शेलवडीकर राजे म्हणतात, माझ्या पाटावर मी खेळत नाही, तेल खेळतं!" महाराज गरजले. "खरं सांग, काय करतेस तू?"

"सरकार, मधोमध भरपूर ओतते," भिवरा चाचरत म्हणाली. "पण कडेपर्यंत वाकायला गेलं की कंबर धरते. म्हणून कडा कोरड्या राहतात. एवढंच."

पण त्या एवढंचमध्येच सगळं होतं! महाराज गोळ्याला फिरकी देऊन सोडत. तो कडेला गेला, की कोरड्या लाकडावर पकड घेऊन वळून आत येई. मधोमधच राहिला, तर तिथल्या तेलावरून सरळ घसरत खुंट्यांवर जाऊन आदळे. चुकले तरी पाट सावरून घेई. शेलवडीत मात्र काठापासून काठापर्यंत सारखं तेल. तिथे चूक ती चूकच!

"म्हणजे माझी सारी कीर्ती तुझ्या कंबरदुखीवर उभी आहे?" महाराजांनी विचारलं.

दरबारात कुणीतरी घाईघाईने खोकलं.

"ऐक! शुक्रवारी शेलवडीकर इथे येताहेत. तू काठापासून काठापर्यंत तेल लावणार, ते डोळ्यांनी बघणार. तरीही माझे दोनशे झाले पाहिजेत. आणि पाट सोपा होता, असं म्हणायला त्यांना तोंड उरता कामा नये! नाही जमलं, तर घाणा उचल आणि संस्थानाबाहेर चालती हो!"

भिवरा पाटाजवळ येऊन मटकन बसली. पाट अवघडही हवा आणि सोपाही! वीस वर्षं चालवलेला घाणा आता डोक्यावर घेऊन जायचं कुठे? वैतागून तिने एक गोळा सोडला. तो अर्थातच पन्हळीत पडला. "शाबास गं बाई!" असं स्वतःलाच म्हणत ती तो काढायला वाकली, आणि तिची बोटं तेलाने माखली.

पन्हळीत तेल? पन्हळीला तर ती कधीच तेल लावत नसे! मग आलं कुठून?

तिने गोळा निरखून पाहिला. त्याच्याभोवती तेलाचा पट्टा चकाकत होता. भिवरा हसत सुटली.

शुक्रवारी शेलवडीकर खुर्ची टाकून पाटाशेजारीच बसले. भिवराने कण्हत कण्हत काठापासून काठापर्यंत तेल लावलं. त्यांनी बोट फिरवून खात्री करून घेतली.

"सरकार," भिवरा हात जोडून म्हणाली, "मुदपाकखान्याचा साखळीतला डाव राहिलाय. मोठ्यांच्या आधी उरकू द्या."

"हे कोण खेळाडू?" शेलवडीकरांनी विचारलं.

"आमच्या संस्थानातले सगळ्यात वाईट," महाराज खाली मान घालून म्हणाले.

आचारी गणपतभटांचा गोळा उजव्या कडेने धावत गेला आणि पन्हळीत पडला. पाणक्याचा डाव्या कडेने गेला आणि पडला. वाढप्याचा पडला. भिवराचा तर अर्ध्या वाटेतच पडला! शेलवडीकर पोट धरून हसू लागले. प्रत्येक गोळा परत आला की भिवरा तो फडक्याने खसाखसा कोरडा पुसे आणि पुढच्याच्या हाती देई.

मध्येच गणपतभटांचा गोळा मधोमध गेला आणि सात खुंट्या पडल्या! भटजी आनंदाने उड्या मारू लागले.

"अहो भटजी, चांगलं खेळू नका!" भिवराने त्यांचं उपरणं ओढलं. "नेहमीसारखं खेळा!"

डाव संपला. चौघांचे मिळून एकोणीस गुण.

मग महाराज उठले. त्यांचा पहिला गोळा कडेला गेला, वळला, आणि धाडकन दहाही खुंट्या आडव्या! शेवटी त्यांचे झाले दोनशे सहा. शेलवडीकर सवयीप्रमाणे सावधपणे सरळ खेळले आणि एकशे ऐंशीवर थांबले. त्यांना संशय आला. त्यांनी कडेवर बोट फिरवलं. कोरडं!

"इथलं तेल कुठे गेलं?"

"पन्हळीत, सरकार. तुमच्या डोळ्यांदेखत आम्हीच नेलं की! तुम्ही तेव्हा हसत होता."

"म्हणजे पाट सोपा होता!"

"सोपा?" भिवराने डोळे मोठे केले. "सरकार, ह्याच पाटावर आत्ताच चार धडधाकट माणसांनी जिवाचं रान करून एकोणीस केले! त्याला सोपा म्हणायचं, तर आम्हाला काय म्हणाल?"

शेलवडीकरांनी कपाळाला हात लावला.

महाराज आधी गालात हसले, मग खो खो, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ऐका हो, सगळे ऐका! आजवर माझी कीर्ती एका कंबरेवर उभी होती, आजपासून ती चौघांच्या अडाणीपणावर उभी आहे!" शेलवडीकरही हसू लागले.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातात घातलं. "घाणा तुझा, काम तुझं, आणि संघातली जागाही जन्मभर तुझी. माझ्या प्रत्येक डावाआधी तुम्ही चौघं खेळणार. पण भिवरे, खबरदार! चोरून सराव केलास आणि खेळ सुधारलास, तर हे कडं परत घेईन!"