काजळीतला वड

एकदा एका मोठ्या शहरात एक वृद्ध चित्रकार राहत असत, आणि त्यांच्या घरात रंगाची एकही डबी नव्हती. गाड्यांच्या धुराने वर्षानुवर्षे काळ्या पडत गेलेल्या भिंती हाच त्यांचा कागद होता. ओले फडके आणि काथ्याचा ब्रश एवढीच त्यांची साधने. जिथे उजेड हवा तिथली काजळी ते पुसून काढीत, जिथे सावली हवी तिथे ती तशीच राहू देत. पुलाच्या कळकट खांबावर असा एखादा बगळा पंख पसरून उभा राहिला, की सिग्नलला थांबलेले लोक हॉर्न वाजवायचे विसरत. आपल्या शहरांत ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचा नियम एकच होता. भिंतीवरून काही काढायचे असेल तर काढावे, पण भिंतीला काहीही लावू नये. रंग नाही, खडू नाही, कोळसासुद्धा नाही.

सुनेत्रा ही त्यांची शिष्या. तिने बरीच वर्षे त्यांची फडकी पिळली, बादल्या वाहिल्या, आणि मग एके दिवशी गुरुजींनी तिला एक स्वतंत्र भिंत दिली. ती एका बोगद्याच्या तोंडाशी होती. बोगदा होण्यापूर्वी त्या जागी एक प्रचंड वड होता. सुनेत्राचे बालपण त्याच्या पारंब्यांना लोंबकळण्यात गेले होते. रस्ता झाला आणि वड गेला. सुनेत्राने तो काजळीतून परत आणला. बुंधा आणि पारंब्या तिने काळ्याच ठेवल्या आणि त्यांच्या मधला उजेड तेवढा पुसून मोकळा केला. ये-जा करणाऱ्या बायका थांबून एकमेकींना सांगू लागल्या, "अगं, इथेच तर आपण वटपौर्णिमेला सूत गुंडाळायचो!" त्या दिवसांत सुनेत्राचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग कोणीतरी तक्रार केली. चांगल्या गोष्टीची तक्रार करायला माणसे कुठून उगवतात, हे मला आजवर समजलेले नाही. महापालिकेचे एक अधिकारी येऊन भिंतीसमोर उभे राहिले.

"आजोबा, सार्वजनिक भिंतीला रंग फासणं हा गुन्हा आहे. तुमच्यावर आणि या ताईंवर कारवाई होऊ शकते."

"साहेब, आम्ही काही फासलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "जे होतं त्यातलं थोडं काढून घेतलंय. भिंत पुसणं हा गुन्हा असेल, तर मात्र आम्ही गुन्हेगार."

अधिकाऱ्यांना हसू आले असावे, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिले नाही. "उद्या सकाळी मी स्वतः तपासायला येतो. काही लावलेलं सापडलं तर?"

गुरुजींनी उजवा हात वर केला. "एक ठिपका जरी सापडला, तरी हा हात या शहरातल्या कुठल्याही भिंतीला पुन्हा लागणार नाही. माझा शब्द आहे."

ज्या माणसाचे सारे आयुष्य त्या एका हातात होते, त्याने तो हात शिष्येच्या भरवशावर पणाला लावला होता. सुनेत्राचा ऊर अभिमानाने भरून आला. दिवस मावळण्यापूर्वी आपल्यावर काय वेळ येणार आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी ती चित्रावर शेवटची नजर टाकायला आली, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी पेरू विकणाऱ्या हौसाबाई आपल्या बसायच्या खोक्यामागची भिंत पुसत होत्या. शेजारी बादली, हातात जुन्या लुगड्याचा तुकडा. वडाच्या बुंध्यातला सुपाएवढा भाग पुसला जाऊन लख्ख झाला होता.

"मावशी! काय करताय हे? हात लावू नका तिथे!"

हौसाबाई दचकल्या. "अगं, तुझं झाड बघून मलाच लाज वाटली बघ. इतकी वर्सं या काळ्या भिंतीला पाठ लावून बसते. लुगडं खराब होतं म्हणून शिव्या घालते. पण फडकं मारावं, असं कधी मनात आलं न्हाई. आज आलं."

"पण ती काजळी आहे, मावशी! ती तशीच राहायला हवी!"

हौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. काजळी राहायला हवी, असे कोणाच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. त्यांनी बादली ओतून टाकली, पाटी उचलली आणि त्या निघून गेल्या.

सुनेत्रा त्या लख्ख डागासमोर उभी राहिली. बुंध्यावर कोणी कुऱ्हाड घातल्यासारखे ते दिसत होते. आपला वड दुसऱ्यांदा तोडला गेला, असे वाटून तिला रडू कोसळले. ती तशीच घरी गेली. देवघरातल्या निरांजनावर तिने पितळी ताटली उपडी धरली, जमलेली काजळी खरवडून तिळाच्या तेलात कालवली, आणि अंधार पडण्यापूर्वी येऊन बोटांनी तो डाग भरून काढला. आजवर भिंतीवरची काजळी काढत आलेल्या त्या बोटांनी त्या दिवशी पहिल्यांदा काजळी लावली. वाटेत गुरुजींचे घर होते. सांगावे की न सांगावे, असा विचार करत ती दारापर्यंत गेली आणि तशीच पुढे निघून गेली.

सकाळी बोगद्यापाशी बरीच गर्दी जमली. हौसाबाईही आल्या होत्या, पण आज त्यांनी पाटी भिंतीपासून लांब मांडली होती. गुरुजी सवयीप्रमाणे भिंतीच्या कडेने सावकाश चालत गेले. बुंध्यापाशी ते थांबले, किंचित वाकले, त्यांनी श्वास आत ओढला, आणि पुढे जाऊन ते हौसाबाईंच्या खोक्यावर बसले.

अधिकाऱ्यांनी दोन कर्मचाऱ्यांना पांढरी फडकी दिली आणि दाखवतील तिथे पुसायला सांगितले. पानांमध्ये पुसले. फडक्यावर कोरडी, करडी, रस्त्याच्या धुराची काजळी आली. पारंब्यांपाशी पुसले. तीच काजळी. एक एक पाऊल ते बुंध्याच्या जवळ येत होते. गुरुजींचा उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर शांतपणे ठेवलेला होता आणि सुनेत्राला तो बघवत नव्हता.

एवढ्यात अधिकाऱ्यांचा फोन वाजला. बोलणे आटोपून ते घाईने म्हणाले, "पुरे झालं. मला आक्षेपार्ह काही आढळलं नाही. चित्र राहू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेत्राचा जीव भांड्यात पडला. अधिकारी गाडीकडे वळले.

"साहेब," गुरुजी म्हणाले, "बुंधा पुसून बघायचा राहिला."

टाळ्या थांबल्या. निसटलेली शिक्षा हाक मारून परत बोलावणारा माणूस त्या गर्दीत कोणी यापूर्वी पाहिला नसावा. अधिकारी परत आले आणि त्यांनी स्वतःच फडके चालवले. त्यावर ओलसर, चकचकीत काळे उमटले. त्यांनी ते नाकाशी नेले.

"हे तर तिळाचं तेल आहे. हा काय प्रकार आहे, आजोबा?"

गुरुजींनी सुनेत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. सगळ्यांच्या नजरा त्या म्हाताऱ्या माणसावर खिळल्या होत्या. सुनेत्रा गप्प राहिली असती, तर तो डाग त्यांच्याच नावावर गेला असता.

"मी लावलं," ती म्हणाली. "गुरुजींना माहीत नव्हतं." आणि मग तिने हौसाबाईंपासून निरांजनापर्यंत सगळे सांगून टाकले.

अधिकारी अवघडले. "जाऊ द्या, आजोबा. चूक त्यांची आहे. तुमच्या शब्दाचं काय त्यात?"

"शब्द या भिंतीबद्दल होता, कोणी लावलं याबद्दल नव्हता," गुरुजी म्हणाले. खांद्यावरचे फडके त्यांनी काढले, नीट घडी केली आणि सुनेत्राच्या हातात ठेवले.

सुनेत्राला रडू आणि संताप एकदमच आला. "ते निघाले होते, गुरुजी! चित्र वाचलं होतं. तुमचा हात वाचला होता. का दाखवलंत तुम्ही?"

"आज वाचलं असतं," गुरुजी म्हणाले. "उद्या आणखी कोणी फडकं घेऊन आलं असतं, तू त्यालाही हाकललं असतंस. बघता बघता तू काजळीची राखणदार झाली असतीस. अगं, याच्याखाली भिंत आहे, एवढंच लोकांना दिसावं म्हणून आपण पुसतो. मी इतकी चित्रं काढली. लोक थांबले, वाहवा केली, फोटो काढून घेऊन गेले. फडकं हातात घेऊन मात्र कोणी आलं नाही." त्यांनी हौसाबाईंकडे पाहिले. "जे मला आयुष्यभर मिळालं नाही, ते तुला पहिल्याच भिंतीला मिळालं, सुनेत्रा. आणि तू त्या बाईला घालवून दिलंस."

सुनेत्रा हौसाबाईंच्या पाटीपाशी जाऊन बसली. "मावशी, माझं चुकलं. काल अर्धं राहिलं, ते पुरं करू या?"

हौसाबाईंनी एक पेरू उगाच पुसून परत पाटीत ठेवला. राग अजून गेला नव्हता. "बादली घरी ऱ्हायली माझी," त्या म्हणाल्या. पण उठल्या.

कर्मचाऱ्यांनी आपली बादली दिली. दोघींनी बुंध्यापासूनच सुरुवात केली. बरेच लोक निघून गेले, कारण झाड पुसले जाताना बघत बसायला कोणाला वेळ असतो? जे थांबले, त्यांतल्या काहींनी बाह्या सरसावल्या. जाताना अधिकारी आपले पांढरे फडके कठड्यावर ठेवून गेले.

पारंब्या गेल्या, फांद्या गेल्या. काजळीखाली फिकट पिवळी भिंत होती, आणि सबंध भिंत अशी पिवळी होती, हे शहरात कोणाला आठवतसुद्धा नव्हते. गुरुजी हौसाबाईंच्या खोक्यावर बसून बघत होते. आपले आपण हलतील या भीतीने धरून ठेवावेत, तसे दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते. शेवटी तळाशी एक काळा कोपरा उरला.

हौसाबाईंनी फडके त्यांच्यापुढे केले. "घ्या गुरुजी, तेवढंच ऱ्हायलंय."

गुरुजींनी मान हलवली. हात त्यांनी पुढे आणले नाहीत, हनुवटीनेच सुनेत्राला तो कोपरा दाखवला. सुनेत्रा खाली बसली, आणि तिने तो पुसून काढला.