टेकडीवरचं लाल पान

"मग हे यंत्र खोटं बोलतं, असं म्हणायचंय का तुम्हाला, बुवा?"

श्रीरंगचा आवाज चढला होता. मठात आवाज चढवायची पद्धत नव्हती, पण त्याला भान राहिलं नाही.

येसाजीबुवा मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कुठं काय म्हणलो? बाई दोन तास झालं बसलीया. कशापायी अडलंय, येवढंच इचारलं."

बाई म्हणजे खालच्या वस्तीवरच्या गोकर्णाबाई मोहिते. त्यांच्या मुलीला, प्रणालीला, नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. ती जागा आज पाचच्या आत कॉलेजच्या वेबसाइटवर पक्की करायची होती, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. प्रणाली तापानं फणफणून घरी पडलेली. पंचक्रोशीत कॉम्प्युटर काय तो मठात. म्हणून आई टेकडी चढून आली होती.

आणि वेबसाइट उघडली, की पडदाभर लाल पान येत होतं. हे ठिकाण धोकादायक आहे. मागे फिरा.

श्रीरंग मागे फिरला होता. एकदा नाही, सात वेळा.

मठातल्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस त्यानंच बसवला होता आणि त्याचा पहारा होईल तितका कडक करून ठेवला होता. मठात राहायला येण्याआधी पुण्यात त्याचं आयुष्य याच कामात गेलं होतं. सावधपणाबद्दल त्याला कुणी शिकवायला जाऊ नये, अशी त्याची ख्याती. निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसं होतं.

"बुवा, तुम्ही मेंढरं राखलीत. हा विषय तुमचा नाही."

"न्हाई बा," बुवा म्हणाले आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. "घड्याळात किती वाजलं?"

"पावणेचार."

बुवा उठले. त्यांनी आधी गोकर्णाबाईंना तांब्याभर पाणी दिलं. मग श्रीरंगचं मनगट धरलं आणि त्याला दाराबाहेर नेलं.

दारापासून वीसेक पावलांवर उघड्या खडकात टिटवीनं अंडी घातली होती. दोघं जवळ येताच ती आकाशात उठली आणि अशी काही किंचाळायला लागली, की श्रीरंगनं डोक्यावर हात घेतला. खालच्या वस्तीवर ती ओरडली, की माणसं प्रवासाला निघत नसत.

"काय म्हणती?" बुवांनी विचारलं.

"धोका आहे म्हणते."

"कोण हाय धोका?"

"आपण."

"तू अंडी खानार हाईस तिची?"

"छे! काहीतरीच."

"मंग ती खोटं बोलती?"

श्रीरंगनं नकारार्थी मान हलवली.

"ती भ्यालीया रं. कोल्हा आला तरी आसंच वरडती, गाय आली तरी आसंच. आपुन कोण, ते तिला ठावं न्हाई."

त्यानं पाहिलं, पोटाखाली पाय घेऊन पक्षी पुन्हा त्यांच्या अंगावर येत होता. त्याला आतल्या पडद्यावरचं लाल पान आठवलं आणि त्याचं डोकंच फिरलं. मूर्ख यंत्रापायी दोन तास फुकट घालवले! मेंढपाळानं आपल्याला ते दाखवून द्यावं, ही गोष्ट तर त्याहून झोंबणारी.

"ठीक आहे. मग ठेवायचाच कशाला असला पहारा? काढूनच टाकतो अँटिव्हायरस. पाच मिनिटांचं काम."

बुवा वाकले. त्यांनी लिंबाएवढा दगड उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हान."

"कुणाला?"

"टिटवीला. वरडती न्हवं उगाच?"

दगड उन्हानं तापलेला होता. श्रीरंग त्याच्याकडे पाहत राहिला. वर टिटवी, खाली चार ठिपकेदार अंडी...

त्यानं दगड हळूच खाली ठेवला.

मग जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिथंच उभ्या उभ्या त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"बुवा, दोन वर्षांपूर्वी एका खोट्या पानाला मी खरं समजलो. एका बोटाचं काम. एका मोठ्या इस्पितळाची सगळी यंत्रं तीन दिवस बंद पडली. बाहेरगावाहून आलेले पेशंट परत पाठवावे लागले. कुणी दगावलं नाही, हे नशीब. तेव्हापासून... तेव्हापासून मी काहीच आत येऊ देत नाही."

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ते परत मठाकडे चालू लागले.

गोकर्णाबाई पायरीवर तशाच बसल्या होत्या. बुवा त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, ह्या कालेजाचा पत्ता तुमास्नी दिला कुनी?"

"ह्यो काय, कालेजाचंच पत्तर हाय की," असं म्हणत बाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि चौघडी घातलेला कागद काढला. खाली गोल शिक्का, वर छापलेला वेबसाइटचा पत्ता आणि फोन नंबर.

श्रीरंगच्या कानशिलात बसली. दोन तास हा कागद याच पायरीवर होता. वेबसाइटचा पत्ता बाईंनी चिठ्ठीवर दिला, तो त्यानं टाइप केला, आणि पुढे विचारलंच नाही. तो यंत्राला विचारत होता आणि यंत्र एकच उत्तर देत होतं.

आता मात्र त्याचा हात सरसर चालू लागला. त्यानं कागदावरचा पत्ता आणि पडद्यावरचा पत्ता अक्षर अक्षर जुळवला. फोन नंबर वेबसाइटवरचा घ्यायचा नाही, कागदावरचाच घ्यायचा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मठाच्या बटणांच्या फोनवरून त्यानं नंबर लावला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा उचलला.

"लाल पान येतंय ना?" पलीकडची बाई वैतागून म्हणाली. "परवा आम्ही साइट नव्या सर्व्हरवर नेली. पत्ता तोच आहे, पण काही अँटिव्हायरस ओळखतच नाहीत. त्यांच्या कंपनीला कळवलंय. सकाळपासून हेच सांगतेय हो मी! मुलीचं नाव काय?"

"प्रणाली मोहिते."

"आहे यादीत. एकोणतिसावी. पाचच्या आत भरा मात्र."

श्रीरंगनं पहारा काढला नाही. तेवढ्या एका पत्त्यापुरती वाट मोकळी केली आणि बाकी होतं तसं ठेवलं. लाल पान गेलं, कॉलेजचं पान आलं. माहिती भरताना घाईत जन्मतारीख दोनदा चुकली. चार वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली. जागा निश्चित.

"झालं?" गोकर्णाबाईंनी विचारलं.

"झालं."

"पक्कं?"

"पक्कं, मावशी. छापून देतो, घरी न्या."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. एकदा पुसलं, मग पुन्हा पुसलं. "ताप उतरंल आता तिचा," त्या म्हणाल्या आणि छापलेला कागद पोटाशी धरून टेकडी उतरू लागल्या. पन्नाशीकडे झुकलेली बाई, पण पोरीसारख्या उतरत होत्या.

श्रीरंग त्या दिसेनाशा होईपर्यंत दारात उभा राहिला. दोन वर्षं छातीवर असलेला धोंडा जरासा हलल्यासारखं त्याला वाटलं. मोकळं वाटलं. हसूही आलं, आणि ते कुणाचं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग आत जाऊन त्यानं अँटिव्हायरसच्या कंपनीला चार ओळी लिहिल्या. हे ठिकाण चांगलं आहे, तुमचा पहारेकरी चुकला, कृपया तपासून पाहा.

बुवा पुन्हा मेथीला बसले होते. श्रीरंग त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं एक जुडी आपल्याकडे ओढली.

"बुवा, एक विचारू?"

"इचार."

"उद्या पुन्हा लाल पान येईल."

"येनारच की."

"मग मी काय करायचं?"

बुवांनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं.

"भ्यायचं."

श्रीरंग चमकून पाहत राहिला. "भ्यायचं? आणि मग...?"

"मंग पाव्हन्याला इचारायचं, कुन्या गावचं."