लिंबाने अडवली महाराजांची स्वारी

"तोडा ती बाग! राजाचा रस्ता कधी वळत नसतो!"

राजा प्रचंडसेन असा कडाडला की रखमाजी माळी दरबारातच मटकन खाली बसला. तळ्याकाठच्या नव्या महालाकडे जायला महाराजांना अगदी नाकासमोर रस्ता हवा होता, आणि नाकासमोर होती रखमाजीची लिंबोणीची बाग! तीनशे झाडं. आज्यानं लावलेली, बापानं जगवलेली. गावातलं लोणचं, पोह्यांवरची फोड, देवळातल्या समयांची चकाकी, पित्तानं कावलेल्यांचं औषध, सगळं त्याच बागेतून यायचं. ती गेली तर रखमाजीनं खायचं काय?

रखमाजीला रडू फुटलं. पण त्याची लेक धुरपदा रडणाऱ्यांतली नव्हती. ती सरळ पुढे झाली.

"महाराज, तुमची स्वारीच कुणी अडवली, तर वळेल का हो रस्ता?"

सेनापती रणधुमाळ्यांच्या मिशा ताठ झाल्या. "अडवली? महाराजांची स्वारी? अगं, तीस लढायांत आम्हाला कुणी अडवलं नाही!"

राजाला मात्र गंमत वाटली. महाराज उंचीनं जेमतेम तीन हात, पण हट्ट ताडाएवढा! ते म्हणाले, "ठरलं! उद्या भर दुपारी माझी स्वारी तुझ्या बागेच्या वाटेनं येईल. अडवून दाखव. माणसाला हात लावायचा नाही, जनावराला लावायचा नाही. खड्डा नाही, काटे नाहीत, भिंत नाही. वाटेत लोळण घ्यायची नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही! जिंकलीस तर बाग तुझी. हरलीस तर परवा कुऱ्हाड!"

"चालेल!" धुरपदा म्हणाली.

घरी येताच रखमाजीनं कपाळाला हात लावला. "काय करून बसलीस गं पोरी! शंभर घोडे आहेत त्याचे!"

"आबा, तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या. आणि मला एक पिवळंधमक लिंबू तोडून द्या."

"एकच?"

"स्वारीही एकच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. ढोल-ताशांच्या गजरात स्वारी निघाली. पुढे सेनापती, मागे शंभर घोडे, दोनशे भालेकरी आणि मधोमध हत्तीवर महाराज. बागेच्या कुंपणाशी आली आणि सेनापतींचा घोडा खाडकन थांबला. त्याच्यावर मागचा आदळला, त्याच्यावर त्याच्या मागचा, आणि ढोलवाला बेसावध होता, तो पुढच्याच्या पाठीवरच ढोल समजून बडवत राहिला.

"काय झालं? शत्रू आला?" हत्तीवरून महाराज ओरडले.

"त्याहून वाईट आहे महाराज," सेनापती म्हणाले. "लिंबू आहे!"

खरंच होतं. वाटेच्या मधोमध, एरंडाच्या पानावर, हळदकुंकू माखलेलं लिंबू!

"ओलांडा ना मग!"

"महाराज, माझ्या लेकीचं लग्न ठरलंय हो!"

"भटजींना बोलवा!"

राजपुरोहित गणभट आले, दहा हातांवरून त्यांनी लिंबाकडे पाहिलं आणि तिथूनच मागे सरले. "हे आमच्या पोथीतलं नाही. हे सेनापतींचं काम!"

"मी तलवारीनं लढतो, लिंबाशी नाही!"

"बाजूनं वळसा घालू या का?" एक भालेकरी हळूच म्हणाला.

"खबरदार!" महाराज गरजले. "राजा वळसा घालत नसतो!"

महाराज स्वतः हत्तीवरून उतरले. तावातावानं लिंबापाशी आले. पाय उचलला... आणि उचललेलाच राहिला! एका पायावर उभे राहून ते लिंबाकडे बघत होते, अन् अख्खी फौज त्यांच्या पायाकडे.

कुंपणामागे धुरपदा तोंडात पदर कोंबून बसली होती. हसू तर अनावर झालं होतं, पण... यानं पाय टाकलाच तर? तर गेली बाग! तिनं खंडोबाला मनातल्या मनात हात जोडले.

महाराजांनी पाय हळूच मागे घेतला. धुरपदाचा जीव भांड्यात पडला आणि ती पाण्याची घागर कडेवर आणि विळी, गूळ, मीठ टोपलीत घेऊन बाहेर आली.

"महाराज, स्वारी थांबली का हो?"

"थांबली नाही! विश्रांती घेतेय!"

"झाली असेल तर चला की!"

कुणी हललं नाही. महाराजांनी डाव्या मिशीला पीळ दिला, उजव्या मिशीला दिला, आणि शेवटी पुटपुटले, "बरं बाई. थांबली."

धुरपदानं वाकून ते लिंबू उचललं. सेनापतींनी डोळे गच्च मिटले! तिनं ते खळखळून धुतलं, विळीवर चिरलं, गुळाच्या पाण्यात पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि घटाघटा प्यायली. तीनशे घसे एकदम आवंढा गिळते झाले.

"अगं, कसला मंत्र घातला होतास त्यात?" महाराजांनी विचारलं.

"मंत्र कसला? देवघरातलं हळदकुंकू लावलं, एवढंच. बाकीचं सगळं तुमच्या लोकांनी घातलं!"

महाराज लालबुंद झाले. "म्हणजे साधंच लिंबू होतं? मग ही लढाई धरायची नाही! आत्ताच्या आत्ता पुन्हा स्वारी काढतो!"

"काढा की," धुरपदा शांतपणे म्हणाली. "बागेत हजारभर लिंबं आहेत अजून. त्यातलं साधं कोणतं आणि मंत्राचं कोणतं, ते तुम्ही ओळखा, म्हणजे झालं!"

महाराजांनी बागेकडे पाहिलं. हिरव्या पानांतून हजार पिवळे डोळे त्यांच्याकडे बघत होते!

सेनापती खाकरले. "महाराज, वळसा तसा... फार लांबचा नाही."

आणि महाराज हसत सुटले! हसता हसता फेटा सुटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना हत्तीच्या पायाला धरून उभं राहावं लागलं.

"वळवा रस्ता! ही बाग पोरीला पिढ्यान् पिढ्या इनाम, आणि शेजारचं माळरानही तिचंच! रणधुमाळे, तुमची तलवार ठेवा त्या घोड्यावर आणि बसा विळीवर. सगळ्या फौजेला सरबत पाजा!"

तीस लढाया मारलेले सेनापती संध्याकाळपर्यंत लिंबं चिरत होते, आणि धुरपदा शेजारी उभी राहून सांगत होती, "बिया काढा हो सेनापती, बिया!"